घरच्या विमानाला नवे डोळे

ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगपुढे तीन-चार तबकड्या असतात, त्या तुमच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. एक इंजिन किती तापले ते दाखवते, एक ऑइलचे प्रेशर, एक डिझेल आणि एक इंजिनाचे फेरे व कामाचे तास. त्यातली एखादी बंद पडली तर आपण काय करतो? बहुतेक घरांत काहीच करीत नाहीत. काठी घालून टाकीतले डिझेल मोजायचे, रेडिएटरच्या वाफेवरून उष्णता ओळखायची आणि पुढच्या हंगामात बघू म्हणायचे. जमिनीवरच्या यंत्राला हे चालून जाते. बिघडले तर ते बांधाला उभे राहते, एवढेच. पण तेच यंत्र जमिनीपासून तीन हजार फुटांवर असेल तर? आणि ते कारखान्यात तयार झालेले नसून कोणी स्वतःच्या घरी, सुटीच्या दिवशी रिव्हेट ठोकून बांधलेले असेल तर?

विमान आणि तेही घरी बांधलेले! तुम्ही म्हणाल, ही काय थट्टा लावली आहे. पण थट्टा नाही. अमेरिकेत अशी हजारो विमाने आज उडत आहेत. ती बांधणारे लोक वर्षानुवर्षे त्यांची निगा राखतात आणि कधीतरी त्यांच्यापुढे एक मोठे काम येते: विमानाच्या समोरचे सगळे पॅनेल काढायचे, काट्यांच्या जुन्या तबकड्या उतरवायच्या आणि त्यांच्या जागी नवे पडदे बसवायचे. हे काम कसे करतात, त्यात धोका कुठे असतो आणि आपल्यासारख्या मोटार, स्टार्टर, ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या घरांना त्यातून काय घेता येईल, ते आज पाहू.

विमान घरी बांधतात कोण?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनी घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली. एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन हे तिचे नाव. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी भरतो. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर जशा दिंड्या लागतात, तशी जुलैअखेरीस त्या गावच्या आकाशात विमानांची रांग लागते. आठवड्याभरात दहा हजार विमाने तिथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर उतरतात.

तिथला कायदा असा आहे की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी वा आवडीसाठी स्वतः केलेले असले पाहिजे. तसे असेल तर सरकारी तपासणीनंतर त्याला 'प्रायोगिक' या वर्गात उडण्याची परवानगी मिळते. विमानावर तो शब्द ठळक लिहावा लागतो. आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटीही लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून कारखान्यातल्या विमानांचे सरकारी निकष याने पुरे केलेले नाहीत. बसायचे तर ते समजून बस, असा त्याचा अर्थ.

या विमानांत सर्वांत जास्त खपलेले नमुने रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचे. हे गृहस्थ ऑरेगन राज्यातल्या शेतकरी घरातले. घरच्या शेतातच विमान उतरवण्याची आखूड पट्टी होती, त्यावर ते तरुणपणी उडायला शिकले. १९७३ साली त्यांनी विमानाचे सुटे भाग पेटीत भरून विकण्याचा धंदा सुरू केला. अॅल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट, नकाशे असे सारे त्या पेटीत येते. बाकी मेहनत ज्याची त्याने करायची. त्यांच्या नमुन्यांवरून बांधून प्रत्यक्ष उडालेल्या विमानांची संख्या आता अकरा हजारांवर गेली आहे. त्यातले दोन माणसांचे एक विमान रिकामे तोलले तर साडेचारशे ते पाचशे किलो भरते, म्हणजे एका थोराड खिल्लार बैलाइतके. इंजिन दीडशे ते एकशेऐंशी अश्वशक्तीचे. वेग मात्र ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत जातो.

सहा तबकड्यांची कथा

जुन्या विमानात वैमानिकापुढे मुख्य अशा सहा तबकड्या असतात. पहिली वेग दाखवते. पंखाखाली पुढे तोंड केलेली एक नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणारा वारा तिच्यात दाबला जातो आणि त्या दाबावरून वेग कळतो. दुसरी उंची दाखवते. तिच्यात हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी असते. वर जावे तशी बाहेरची हवा विरळ होते, डबी फुगते आणि काटा सरकतो. तिसरी तबकडी विमान मिनिटाला किती फूट चढते किंवा उतरते ते सांगते. ह्या तीन तबकड्या निव्वळ हवेच्या दाबावर चालतात. त्यांना वीजही लागत नाही.

उंचीच्या तबकडीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हवेचा दाब रोज सारखा नसतो, हे तुम्हाला आकाशवाणीवरच्या 'कमी दाबाच्या पट्ट्या'मुळे ठाऊकच आहे. समुद्रसपाटीला तो सरासरीने पाऱ्याचे २९.९२ इंच धरतात आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच उतरतो. म्हणजे त्या दिवशीचा दाब तबकडीला न सांगता उडाले आणि त्यात एका इंचाची चूक असली, तर काटा हजार फूट खोटे बोलेल. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी धावपट्टीवरून दाबाचा आकडा विचारतात आणि बटण फिरवून तो लावतात.

राहिलेल्या तीन तबकड्यांत भोवरा असतो. आपल्या पोरांचा भोवरा जोरात फिरत असला की कसा ताठ उभा राहतो, त्याला कलवायला गेले तर विरोध करतो. तोच गुण इथे वापरला आहे. विमान कोणत्याही बाजूला कलंडो, आतला भोवरा आपली दिशा सोडीत नाही. त्यावरून विमान किती कलले, नाक वर आहे की खाली, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि वळण किती वेगाचे आहे, हे कळते. यातल्या सर्वांत महत्त्वाच्या तबकडीला कृत्रिम क्षितिज म्हणतात. वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये विमानाची छोटी आकृती.

कृत्रिम क्षितिज कशाला हवे?

तुम्ही विचाराल, खिडकीतून खरे क्षितिज दिसत असताना हे खोटे कशाला? दिसत असते तोवर नकोच. पण विमान ढगात शिरले की खिडकीबाहेर सगळीकडे धुण्यासारखे पांढरे. अशा वेळी माणूस शरीराच्या जाणिवेवर विसंबतो, आणि तिथेच घात होतो. आपला तोल कानातल्या पाण्यावर असतो. विमान हळूहळू वळत राहिले की ते पाणीही बरोबर फिरते आणि आपण सरळच चाललो आहोत असे वाटते. मग वैमानिक 'सरळ' करायला जातो आणि विमान गिरक्या घेत खाली येते.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. तबकड्यांवर विसंबून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना, सोबत शिक्षक बसवून, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. चूल पेटवून चहाचे आधण यायला याहून जास्त वेळ लागतो.

बाहेर काही न दिसता केवळ यंत्रांवर विमान उडवून उतरवण्याचा पहिला पराक्रम जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्ड येथे केला. त्यांची बैठक वरून पूर्ण झाकलेली होती. त्यांच्यापुढे स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक भोवरा आणि कोल्समन यांचे उंचीमापक होते. त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षे लहान विमानांतल्या तबकड्या मूळ तत्त्वात त्याच राहिल्या.

भोवऱ्याचे दुखणे

या भोवऱ्यांना फिरवण्यासाठी बहुतेक विमानांत इंजिनावर एक पंप बसवलेला असतो. तो हवा ओढून घेतो आणि त्या झोतावर भोवरे फिरतात. त्याला व्हॅक्यूम पंप म्हणतात. त्याच्या आत कार्बनच्या पातळ पट्ट्या असतात. त्या झिजतात आणि एखाद्या दिवशी काही सूचना न देता तुटतात. पंप थांबतो. खरा कावा पुढेच आहे. भोवरा एकदम थांबत नाही. जड असल्यामुळे तो काही मिनिटे फिरत राहतो, हळूहळू मंदावतो, आणि तबकडीतले क्षितिज अगदी सावकाश एका बाजूला कलू लागते. बंद पडलेले यंत्र निदान बंद दिसते. हे यंत्र खोटे बोलू लागते आणि चेहरा मात्र नेहमीचा ठेवते. ढगात असलेला वैमानिक त्या खोट्या क्षितिजामागे विमान वळवीत गेला, तर परिणाम काय होईल ते सांगायला नको. जुने पॅनेल बदलण्यामागे हौस असतेच, पण सर्वांत मोठे कारण हे आहे.

काटे गेले, पडदे आले

मोबाईल आडवा केला की त्यातले चित्र आपोआप आडवे होते, हे तुमच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. मोबाईलला कललेले कळते कसे? त्यात तांदळाच्या दाण्याएवढे सिलिकॉनचे यंत्र असते. त्याच्या आतले अतिसूक्ष्म भाग हलतात-कंपतात आणि त्यावरून कल समजतो. त्याच जातीची, पण अधिक काटेकोर यंत्रे आता विमानात भोवऱ्याचे काम करतात. झिजणारे काही नाही, पंप नाही. दाबाची माहिती, दिशेची माहिती आणि उपग्रहावरून मिळणारा ठावठिकाणा असे सारे एकत्र करून समोरच्या एका रंगीत पडद्यावर दाखवले जाते. वर निळे आकाश, खाली डोंगर आणि जमीन, डाव्या हाताला वेग, उजव्या हाताला उंची. जुन्या तबकड्यांना तिकडचे वैमानिक आता थट्टेने 'वाफेच्या इंजिनाची घड्याळे' म्हणतात.

दुसऱ्या पडद्यावर इंजिनाची नाडी असते. जुन्या विमानात चार सिलिंडरांपैकी बहुधा एकाचीच उष्णता दिसे. आता चारही सिलिंडरांच्या डोक्याची आणि चारही धुराड्यांची उष्णता वेगवेगळी दिसते. या विमानांत नेहमी बसवतात त्या लायकमिंग इंजिनाच्या डोक्याला ५०० अंश फॅरनहाइट ही कमाल मर्यादा आहे. एखादे सिलिंडर त्या बाजूला सरकू लागले की पडदा लाल होतो. एका धुराड्याची उष्णता एकदम उतरली तर त्या सिलिंडरात इंधन जळत नाही, हे जमिनीवर येण्याआधीच कळते. तासाला किती इंधन जळते आणि टाकीत किती उरले, याचा हिशेबही समोर असतो.

आणखी एक कारण कायद्याचे आहे. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांभोवतीच्या आणि उंचावरच्या बहुतेक नियंत्रित आकाशात उडायचे असेल, तर विमानाने आपला ठावठिकाणा, उंची व वेग रेडिओवरून सतत कळवत राहिला पाहिजे. ते यंत्र नसेल तर त्या आकाशात प्रवेश नाही. त्या वेळी अनेकांनी म्हटले, एवीतेवी पॅनेल उघडायचेच आहे, तर सगळेच नवे करून टाकू.

खर्च मात्र लहान नाही. पूर्ण पॅनेल बदलायचे तर दहा-वीस हजार डॉलर सहज जातात. आपल्या पैशांत एका चांगल्या नव्या ट्रॅक्टरची किंमत झाली. तरीही कारखान्यातल्या विमानांसाठी लागणाऱ्या सरकारी मान्यतेच्या यंत्रांपेक्षा घरच्या विमानाची यंत्रे बरीच स्वस्त पडतात. मजुरीही वाचते, कारण तिथे मालकाला आपल्या विमानावर स्वतः काम करता येते.

पाना हातात घेण्याआधी

शहाणा माणूस जुना स्क्रू काढण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. पहिले काम, नव्या पॅनेलचा पुठ्ठ्याचा नमुना. यंत्रांच्या मापाची कागदी चित्रे कापून त्यावर चिकटवायची आणि विमानात बसून पाहायचे. हात कुठे पोचतो, मान न वळवता काय दिसते, उन्हात कोणत्या कोनावर चकाकी येते. पुठ्ठ्याचे भोक चुकले तर चार आणे जातात, पत्र्याचे चुकले तर अख्खा पत्रा.

दुसरे काम विजेचा हिशेब. प्रत्येक यंत्र किती अँपिअर खाते ते लिहायचे, बेरीज करायची आणि इंजिनावरचा अल्टरनेटर ती पुरवील का ते पाहायचे. मग अधिक अवघड प्रश्न: अल्टरनेटरच बंद पडला तर? जुन्या तबकड्यांपैकी दाबावरच्या तिघी विजेविना चालत होत्या. पडदा विजेविना काळाच. म्हणून अल्टरनेटर गेल्यावर कोणती यंत्रे चालू ठेवायची आणि कोणती ताबडतोब बंद करायची, याची यादी आधीच ठरवतात. समजा, बॅटरी १६ अँपिअर-तासांची आहे. ती जुनी होत जाणार म्हणून निम्मीच धरायची, म्हणजे ८. अत्यावश्यक यंत्रे ५ अँपिअर खात असतील तर हातात साधारण दीड तास आला. तेवढ्यात उतरायला जागा गाठता आली पाहिजे. याशिवाय मुख्य पडद्याला स्वतःची छोटी राखीव बॅटरी आणि बाजूला एक लहान स्वतंत्र यंत्र ठेवतात. घरात एकच विळी असून भागते, पण ढगात क्षितिज एकच असून भागत नाही.

तिसरे काम वजनाचे. जुना पंप, भोवरे आणि नळ्या निघाल्या की काही किलो कमी होतात, नव्याने काही वाढतात. विमान पुन्हा तोलून भार कोणत्या जागी पडतो ते काढावे लागते. बैलगाडीत ओझे पुढे पडले की बैलांच्या मानेवर येते आणि मागे पडले की गाडी उलाळ होते, हे ज्याला माहीत आहे त्याला विमानाचा तोल निराळा समजावून सांगायला नको.

वायर ही यंत्राची शीर

या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ जातो तो वायरिंगला. पडदा बसवायला चार स्क्रू लागतात. त्याच्या मागच्या पन्नास वायरी जागच्या जागी न्यायला महिने लागतात. तिथे वायर पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत नाही. वायरचे टोक धातूच्या टोपणात घालून योग्य मापाच्या पक्कडीने दाबतात आणि मग ओढून पाहतात. विमान सतत थरथरत असते. सैल जोड हलतो, तापतो आणि धूर देतो. वायरचे आवरणही असे निवडतात की ते सहजी पेटू नये, कारण वर आग लागली तर उतरून पळायला जागा नसते.

प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी लावतात आणि त्याचा नकाशा वहीत काढतात. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडे घालतात, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात आवरण कापते. सगळ्या यंत्रांची अर्थिंग एका ठिकाणी आणून जोडतात, म्हणजे रेडिओत घरघर येत नाही. दिशा सांगणारे चुंबकीय यंत्र पंखाच्या टोकाला किंवा शेपटीकडे बसवतात. जवळ लोखंडी स्क्रूही चालत नाही, पितळेचा लावतात. त्याच्या शेजारून दिव्याची वायर गेली, तर दिवा लावला की उत्तर दिशाच बदलते.

हवेच्या दाबाच्या नळ्या हा असाच नाजूक भाग. एखादी नळी पॅनेलमागे सैल राहिली तर उंचीची यंत्रे बाहेरच्या हवेऐवजी बैठकीतल्या हवेचा दाब घेतात आणि चुकीची उंची दाखवतात. तबकड्या असोत की पडदे, दोघेही सारखेच फसतात. म्हणून नळ्या जोडल्यावर गळतीची चाचणी घ्यावी लागते. ढगातून यंत्रांवर उडणाऱ्या विमानांना तर ही तपासणी दर २४ महिन्यांनी कायद्यानेच बंधनकारक आहे.

हात कुठे पोचतो?

आता एक दुःखद घटना सांगतो, कारण पॅनेलच्या कामाचा खरा धडा तिच्यात आहे. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेचे अतिशय लोकप्रिय गायक आणि हौशी वैमानिक होते. त्यांनी बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्या एकाने घरी बांधलेले 'लाँग-ईझी' जातीचे विमान विकत घेतले होते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळ ते विमान समुद्रात कोसळले आणि डेन्व्हर जागीच गेले.

सरकारी चौकशीत काय निघाले? या विमानाला दोन टाक्या. एका टाकीवरून दुसरीवर जाण्यासाठी एक कॉक फिरवावा लागतो. मूळ आराखड्यात तो वैमानिकाच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या बैठकीतून जायला नकोत, या चांगल्या हेतूने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. त्यावर कोणती टाकी कुठे, याची खूणही नव्हती. तो फिरवायचा तर दांड्यावरचा हात सोडून, अंग मागे वळवून उजव्या हाताने चाचपावे लागे. अंग असे वळले की उजवा पाय नकळत पायाखालच्या सुकाणूवर दाबला जाई. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे होत्या आणि त्यांवर आकडे नव्हते. ती पाहण्यासाठी उड्डाणाआधी एका कारागिराने त्यांना आरसा दिला होता. इंधन भरून घेण्याबद्दलही विचारणा झाली होती, पण थोडाच वेळ उडायचे म्हणून ते भरले नाही. कॉक फिरवण्याच्या खटपटीत विमानाचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. इंजिन चांगले होते, पंख चांगले होते. एक कॉक हाताला येत नव्हता.

म्हणून पॅनेल बदलणाऱ्या जाणत्या माणसाचा पहिला नियम हा की, घाईच्या वेळी लागणारी वस्तू हाताच्या सहज टप्प्यात, डोळ्यांसमोर आणि नाव लिहिलेली हवी. सुंदर पडद्याची जागा नंतर ठरवायची. इंधनाच्या पंपाचे बटण आणि दिव्याचे बटण एकसारखे व शेजारी ठेवायचे नाही. अंधारात बोटाला फरक कळावा असे निराळ्या आकाराचे ठेवायचे.

पुन्हा पहिले उड्डाण

काम पुरे झाले म्हणजे लगेच आकाशात झेपावायचे, असे नसते. आधी जमिनीवर एकेक यंत्र चालू करून पाहतात. मग इंजिन सुरू करून सगळी एकदम. मग धावपट्टीवर नुसते चालवून दिशा खरी दाखवते का ते पाहतात. बॅटरीवर राखीव यंत्रे खरोखर किती वेळ टिकतात, हे घड्याळ लावून मोजतात. किती खोल काम झाले आहे त्यावर सरकारच्या अटींप्रमाणे पुन्हा काही तास चाचणीची उड्डाणे करावी लागू शकतात. ती स्वच्छ हवेत, धावपट्टीच्या आसपास आणि कोणालाही सोबत न घेता करायची. केलेला प्रत्येक बदल तारखेसह विमानाच्या वहीत लिहायचा आणि त्याखाली सही करायची.

नव्या पडद्याचा एक नवा धोकाही आहे. त्यावर इतके काही दिसते की वैमानिक त्यातच गुंततो आणि खिडकीबाहेर पाहायचे विसरतो. कोणते बटण कुठे, कोणत्या पानावर काय, हे घरी खुर्चीत बसून पाठ करावे लागते. गाय नवीन आणली की पहिले आठ दिवस ती आणि आपण एकमेकांना ओळखून घेतो. यंत्राचेही तेच.

आपल्या मुलखात

आपल्या महाराष्ट्रातही असा एक माणूस निघाला. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणीसाठी मात्र त्यांना बरेच झगडावे लागले. ती २०१७ साली मिळाली. अमेरिकेत या छंदामागे सत्तर वर्षांची संघटना, ठरलेले नियम आणि गावोगावचे जाणकार आहेत. आपल्याकडे अशा माणसाला वाटही स्वतःच पाडावी लागते.

आपल्या घरी काय घ्यावे?

तुमच्या-आमच्या अंगणात विमान उभे राहणार नाही. पण विहिरीवर मोटार आहे, तिचा स्टार्टर आहे, गोठ्यात कडबाकुट्टी आहे, शेडमध्ये ट्रॅक्टर आहे. या वस्तूंवर घरातली बाई काम करते, म्हातारा काम करतो, शाळेतून आलेला मुलगाही बटण दाबतो. मग विमानवाल्यांच्या चार गोष्टी घ्यायला काय हरकत आहे?

एक: स्टार्टरच्या पेटीवर कोणते बटण कशाचे, ते ठळक मराठीत लिहा. तुम्हाला पाठ असेल, पण ज्या दिवशी तुम्ही घरी नसाल त्या दिवशी ते दुसऱ्याला लागेल.

दोन: कडबाकुट्टीचे बंद करण्याचे बटण, वैरण घालणारा जिथे उभा असतो तिथून हाताला आले पाहिजे. भिंतीपलीकडे असेल तर ते नसल्यासारखेच. हात अडकला तर पळत जाऊन बटण दाबणार कोण?

तीन: वायर पिळून टेप लावू नका. योग्य टोपण घालून दाबून घ्या, पत्र्याच्या भोकात रबरी कडे घाला आणि अर्थिंग खरोखर जमिनीला पोचते का ते वायरमनकडून पावसाळ्यापूर्वी तपासून घ्या. काम करताना मुख्य स्विच बंद आणि त्याच्याजवळ एक माणूस उभा, हा नियम मोडू नका.

चार: एक वही घाला. ऑइल कधी बदलले, बेअरिंग कधी घातले, कोणती वायर कुठून कुठे नेली, तारीख टाकून लिहा. दोन वर्षांनी मोटार जळाली की कारागीर पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तेव्हा घरात कोणाला आठवत नसते.

आणि ट्रॅक्टरची ती बंद पडलेली तबकडी? ऑइलच्या प्रेशरचा काटा मेला असेल तर तो या हंगामातच बदलून घ्या. त्याला लागणारा खर्च इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. जे यंत्र आपल्याला खरे सांगते, त्याचे ऐकावे. जे बंद पडले आहे ते दुरुस्त करावे. आणि जे खोटे सांगते ते त्याच दिवशी काढून टाकावे, कारण बंद पडलेल्यापेक्षा ते अधिक वाईट असते.